घरगुती जीवाश्मनिर्मिती : एक विवेचन

घरी मुलांसमवेत मातीचे जीवाश्म तयार करणे हा वस्तुतः पालकांच्या विद्वत्तेच्या प्रदर्शनाचा प्रकार असून मुले त्यात निमित्तमात्र असतात. जीवाश्म म्हणजे प्राचीन जीवांचे खडकांत टिकलेले अवशेष किंवा ठसे. परंतु महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्यापासून बनलेल्या बेसॉल्टने व्यापलेला असल्यामुळे पुण्याच्या टेकडीवर नेलेल्या बालकास दगडात शिंपला सापडण्याची आशा फारशी नसते. निसर्गाची ही हयगय दूर करण्याची जबाबदारी मग प्रस्तुत लेखकासारखे पालक, कोणीही विनंती केलेली नसताना, स्वतःकडे घेतात.

कृती सोपी आहे. दोन वाट्या मैदा, एक वाटी मीठ आणि बेताचे पाणी यांचा घट्ट गोळा मळावा, किंवा गणपतीनंतर उरलेला शाडू घ्यावा, आणि तेलाचे बोट लावलेला शिंपला त्यात दाबून अलगद उचलावा. उरलेली पोकळी म्हणजे साचा, व तीत प्लास्टर ऑफ पॅरिस ओतल्यावर मिळते ती प्रतिकृती. निसर्गातही शिंपला गाळात पुरला जातो, गाळाचा खडक होतो, शिंपला विरघळतो आणि पोकळीत खनिजे साचतात; फरक एवढाच की निसर्ग अतिदीर्घ काळ मुकाट्याने थांबतो, तर पालक प्लास्टर घट्ट होईपर्यंतही ‘हात लावू नकोस’ म्हटल्यावाचून राहत नाही.

या टप्प्यावर पालकाने अमोनाइट या शंखधारी सागरी प्राण्यावर, आणि देवघरातील शाळिग्राम हा बहुधा त्याचाच जीवाश्म असतो या विषयावर, व्याख्यान योजलेले असते. श्रोत्यांना मात्र डायनासोर शी कशी करत असे एवढेच जाणून घ्यायचे असते. हा प्रश्न हीन मानण्याचे कारण नाही. अश्मीभूत विष्ठेस ‘कोप्रोलाइट’ हे नाव १८२९ मध्ये विल्यम बकलंड या इंग्रज भूवैज्ञानिकाने दिले, आणि अशा विष्ठेचे काप जडवलेले मेज बाळगण्यात त्या धर्मोपदेशक गृहस्थास काहीही गैर वाटले नाही. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा हे गाव तर या बाबतीत जगप्रसिद्ध आहे: तेथील कोप्रोलाइटांत गवताच्या पेशींत तयार होणारे सूक्ष्म सिलिकाकण आढळल्याचे २००५ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि डायनासोरांच्या काळी गवत नव्हते ही रूढ समजूत त्या लेंड्यांनी मोडीत काढली. शास्त्रज्ञांच्या भव्य सिद्धान्तास इतक्या खालच्या पातळीवरून क्वचितच उत्तर मिळाले असेल.

जीवाश्मांचा आणखी एक प्रकार म्हणजे खूण-जीवाश्म. त्यात प्राण्याचे शरीर नसते, पाऊल किंवा बीळ यांसारखी त्याच्या वावराची नोंद असते. मुलाच्या गोळ्यावर त्याच्या बोटांचे जे चिमुकले, वाकडेतिकडे ठसे उमटतात, ते याच जातीचे आणि त्या घरातील एकमेव अस्सल असतात. समूहावर छायाचित्र पाठवण्यापूर्वी ओल्या बोटाने ते गुळगुळीत करून टाकणारा पालक, पुढल्या वर्षी तो अंगठा त्या मापाचा राहणार नाही हे जाणत असतो, आणि तरीही पुसतो. या सुबकपणाचा राग यावा तितका कोणास येत नाही.

लेंड्या वळण्यास अर्थातच साचा लागत नाही, त्यामुळे व्याख्यान संपण्याआधीच त्यांचे उत्पादन पूर्ण होते. प्रस्तुत लेखकाने दाभणाने एकेक वळसा कोरून सिद्ध केलेला अमोनाइटही बालसंशोधकांनी निःशंकपणे त्याच राशीत नेऊन ठेवला असून, आकार पाहता तो नमुना मोठ्या डायनासोराचा असावा, असे त्यांचे मत आहे.