ठरवून चुकण्याची गोफण

ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन मुंबईत भरलं आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकसाठी पाच जादा खेळ मंजूर झाले. महाराष्ट्राने त्यातलं क्रिकेट तेवढं ऐकलं आणि पुढचं ऐकायचं सोडून दिलं. त्या सोडलेल्यांत लॅक्रॉस होता. दांड्याच्या टोकाला जाळीची झोळी, झोळीत रबरी चेंडू. तो झेलायचा, पळवायचा आणि फेकायचा. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा हा खेळ १९०४ आणि १९०८ च्या ऑलिंपिकमध्ये पदकांसाठी खेळला गेला होता, आता तब्बल १२० वर्षांनी परत येतोय. यातले जाणकार दांड्याबद्दल फारसं बोलत नाहीत. झोळी किती खोल, दोर कुठे ताणायचा, कुठे ढिला सोडायचा, यावर मात्र ते रात्र जागवतील. पारनेर तालुक्यातल्या कुणालाही याचं नवल वाटू नये, कारण लॅक्रॉसच्या काठीतून दांडा वजा केला की जवळपास गोफणच उरते. तिथल्या राळेगणसिद्धीसारख्या गावात ही वजाबाकी सोयीचीही आहे. १९७५ मध्ये लष्करातून परतलेल्या अण्णा हजारे यांच्या पुढाकाराने गावाने जी पंचसूत्री धरली, तीत चराईबंदी, नशाबंदी, नसबंदी आणि श्रमदान यांच्या जोडीला कुऱ्हाडबंदी आहे. दांड्याची काठी म्हटली की आधी झाड आलं. गोफणीला झाड लागत नाही, फक्त दोर लागतो. तेव्हा पाचही सूत्रं शाबूत ठेवून करता येईल असं हे एकमेव प्रक्षेपणास्त्र कसं विणावं, ते यथासांग पाहू.

प्रथम दोर. बाजारातली नायलॉनची दोरी स्वस्त, टिकाऊ आणि गोफणीला निरुपयोगी. ती गुळगुळीत असते; धोंडा तिच्यात बसत नाही, पाहुण्यासारखा टेकतो आणि संधी मिळताच घसरतो. अंबाडीचा दोर उत्तम. तिच्या पाल्याची भाजी खाऊन उरलेल्या काड्यांच्या सालीतून तो निघतो, म्हणजे एकाच पिकात जेवण आणि शस्त्रास्त्रं दोन्ही. अडचण एवढीच की काड्या पाण्यात बुडवून दोन आठवडे कुजवाव्या लागतात. ज्या गावाने नालाबांध, समतल चर आणि पाझर तलाव करून पावसाचा थेंब न् थेंब अडवला, त्या गावात दुर्गंधी तयार करण्यासाठी पाणी मागायला जाणाऱ्याने ग्रामसभेत मागच्या रांगेत बसावं. त्यापेक्षा बांधावरचं घायपात बरं. त्याला कुणी पाणी घालत नाही आणि त्याचीही काही तक्रार नसते. पान ठेचावं, गर खरवडून काढावा, तंतू धुऊन उन्हात टाकावेत. हाताला खाज सुटेल. ती या विद्येची फी समजावी.

आता विणकाम. तीन पेडांची वेणी घालत यावं आणि मध्यावर पोचल्यावर पेड सोडून शेजारी शेजारी मांडावेत. त्यांतून बारीक सुतळी आडवी खालीवर घालत, बाज विणतात तशी, वीतभर लांब आणि चार बोटं रुंद जाळी करावी, मग पेड पुन्हा एकत्र घेऊन वेणी पुढे न्यावी. जुन्या पद्धतीच्या लॅक्रॉस काठीतही हीच युक्ती आहे. चामड्याच्या चार उभ्या वाद्या आणि त्यांना बांधणारी आडवी दोरी. एका टोकाला मधल्या बोटात बसेल असा फास, दुसऱ्या टोकाला अंगठा आणि तर्जनीत धरायची गाठ, आणि त्या गाठीच्या पुढे न विणलेल्या तंतूंचा चार बोटं झुपका. हा झुपका शोभेचा वाटतो म्हणून नवशिके कापून टाकतात. तो कापू नये, त्याचं काम पुढे येईल. जाळी विणून झाली की पाण्यात भिजवावी, कोंबडीच्या अंड्याएवढा गोल धोंडा तिच्यात बांधावा आणि रात्रभर खुंटीला टांगावी. सकाळपर्यंत झोळीला पोट येतं. पोट किती असावं, इथेच खरी मेख आहे. उथळ झोळीतून धोंडा फिरवतानाच निसटतो. फार खोल झोळी त्याला सोडायलाच तयार होत नाही; गाठ बोटांतून सुटली तरी तो क्षणभर आत रेंगाळतो, आणि डोक्यावरून आडवी गोफण फिरवणाऱ्या उजव्या माणसाचा धोंडा समोर जायचा तो डावीकडे जातो. पुरुषांच्या लॅक्रॉसमध्ये यावर नियमच आहे. काठी डोळ्यांसमोर आडवी धरली असता चेंडूचा माथा कडेच्या पट्टीखाली बुडालेला दिसला, तर ती काठी बाद. गोफणीसाठी याहून कडक नियम करावा आणि धोंडा अर्धा बाहेर दिसला पाहिजे असं ठरवावं. अल्प धरावं आणि वेळेवर सोडावं एवढीच झोळीकडून अपेक्षा. सुश्रुतसंहितेत जखमेवर बांधायच्या चौदा प्रकारच्या पट्ट्या सांगितल्या आहेत, त्यांतल्या एकीचं नाव गोफणा. हनुवटीसारख्या उंचवट्याच्या जागी ती बांधायची. म्हणजे फेकण्याआधी नीट जपून धरणं हा गुण वैद्यांनीही ओळखला होता.

इथवरची कृती कोणत्याही गोफणीला लागू आहे. पण राळेगणसारख्या ज्वारीच्या मुलखातली गोफण कशासाठी विणायची, याचा विचार केला की एक गोष्ट मान्य करावी लागते, ती म्हणजे राखणीची गोफण चुकण्यासाठी असते. रब्बीच्या ज्वारीत कणसं चिकात आली की भोरड्यांचे थवे उतरतात. माळ्यावर उभा राहिलेला राखणदार त्यांतल्या एकीवर नेम धरू लागला, तर ती पडेपर्यंत उरलेल्या थव्याची न्याहारी उरकलेली असते. शिवाय थवा बसलाय कणसांवर. नेम लागला तर धोंडा कणीस मोडतो, म्हणजे भोरडीने दिवसभरात जेवढं खाल्लं असतं त्याहून जास्त नुकसान राखणदाराने एका झटक्यात केलं. धोंडा थव्याच्या वरून, फड ओलांडून, मोकळ्या बांधापलीकडे गेला पाहिजे. आता त्या झुपक्याकडे या. गाठ सुटते तेव्हा झुपक्याचे तंतू आसुडाच्या टोकासारखे फाडकन वाजतात, आणि डोक्यावरून काहीतरी सूं करत जातं. थवा उठतो तो या दोन आवाजांनी. मध्य आशियातून इतका प्रवास करून आलेल्या पाखराला हुसकायला एवढं पुरतं. मारायची गरज नाही, आणि मारणं नफ्याचंही नाही, कारण हीच भोरडी टोळ आणि नाकतोडे खाते. राखणदाराने ते उपकार मनात ठेवावेत, तोंडावर दाखवू नयेत.

यावर पहिला आक्षेप असा येईल की चुकायचंच आहे तर इतकी काटेकोर झोळी कशाला? दोन फाटके दोर आणि एक चिंधी असली तरी चुकता येतंच. चुकता येतं, पण कुठे चुकणार हे ठरवता येत नाही. भोंगळ गोफणीचा धोंडा एकदा थव्यावरून जाईल, दुसऱ्यांदा शेजाऱ्याच्या पाइपलाइनवर आणि तिसऱ्यांदा बांधावर भाकरी सोडून बसलेल्या चुलत्याच्या तांब्यावर. थवा, चुलता आणि तांब्या या तिघांनाही चुकवायचं असेल तर नेम पक्का लागतो. रोमन सैन्यात नाव काढलेले बलेअरिक बेटांवरचे गोफणकरी तीन लांबीच्या तीन गोफणी बाळगत, लांबच्या माऱ्याला लांब आणि जवळच्या माऱ्याला आखूड. त्यांना शत्रूला गाठायचं होतं. आपल्याला फक्त फड ओलांडायचा आहे, म्हणून एक पुरे, पण ती लांब हवी. दुहेरी करून हातात धरली की टोक गुडघ्यापर्यंत यावं. दुसरा आक्षेप जास्त गंभीर. यादवबाबांच्या मंदिरातून ज्या गावाचा कारभार अहिंसेचं नाव घेत चालला, तिथे शस्त्र कसं विणायचं? याचं उत्तर वरच आलं आहे. जे शस्त्र लागलं तर फसलं आणि चुकलं तर जिंकलं, त्याच्याइतकं अहिंसक साधन गांधीवाद्यांनाही सहसा सापडलेलं नाही. तरी ज्यांच्या मनात किंतू असेल त्यांनी धोंड्याऐवजी उन्हात वाळवलेली मातीची गोळी वापरावी. ती पडली की फुटते, शेताची माती शेतात परत जाते, आणि मृदसंधारणालाही बाधा येत नाही. तिसरा आक्षेप चमकणाऱ्या पट्ट्यांचा. फडावर त्या ताणल्या की वाऱ्यावर आपोआप घुमतात, माणूस लागत नाही. खरं आहे, आणि चार-आठ दिवस पाखरंही लांब राहतात. मग ती पट्टीवर बसून कणीस खातात. पट्टीला राग येत नाही हे पाखराला कळतं, गोफणीमागे मात्र माणूस आहे हेही त्याला कळतं.

खरी अडचण आक्षेपांची नाही, पिकाची आहे. अडवलेलं पाणी जिरलं, विहिरींना आलं, तसं शिवारात ज्वारीच्या जोडीला कांदा आणि भाजीपाला आला. कांद्यावर भोरड्या उतरत नाहीत. दहा एकर कांद्याची राखण गोफणीने करणारा माणूस दिसला तर तो पाखरांना नव्हे, बाजारभावाला हुसकत असावा, आणि तो तर मुळीच दाद देत नाही. तरीही एक-दोन वाफे हुरड्यासाठी ज्वारीचे ठेवलेले असतील, तर गोफण विणून ठेवायला हरकत नाही. काम झालं की ती गुंडाळून पोत्यात टाकू नये, उंदीर आधी झुपका खातात. झोळीत कोरडा धोंडा ठेवून आढ्याला टांगावी, म्हणजे पोट टिकतं. धोंडा काढून कुणी झोळीत लसणाची जुडी ठेवली, तर घरातल्या बायकांशी वाद घालू नये. लसूण हलका असतो, झोळी उथळ होते, पुढच्या रब्बीआधी पुन्हा एक रात्र भिजवून टांगली की भागतं.