पळायचं ठरवलंय? आधी हे वाचा (भंडारा जिल्हा आवृत्ती)

पळायला लागणाऱ्या साहित्यात बुटांचा नंबर तिसरा. आधी लागतं कारण, आणि मग ते चारचौघांत सांगायची हिंमत. विशीतला पोरगा पळताना दिसला की पोलीस भरतीची तयारी चालू आहे, हे गावाला आपोआप समजतं. पंचेचाळिशीतला, पोट सुटलेला माणूस पळाला की मात्र पानठेल्यावरून विचारणा होते, "काहून पळून राह्यले गा भाऊ, घरी सगळं बरं हाय ना?" उत्तर द्यावं, "डॉक्टरनं सांगतलं." सांगितलं नसलं तरी.

आता मुहूर्त. पावसाळ्यात रोवणी, बांधीत चिखल आणि रस्त्यावर पाणी. मग कापणी. दिवाळीनंतर मंडईचे दिवस. रात्रभर झाडीपट्टीचं नाटक पाहून पहाटे घरी आलेल्याला पहाटेच उठवणार कोण? पुढे थंडी, पुढे लग्नसराई, आणि मे महिन्यात सकाळी आठालाच ऊन भाजून काढतं. उरला फेब्रुवारी, तोही २८ दिवसांचा. मार्चमध्ये पळणं सोडताना एवढंच पाहावं, की मोह वेचायला अंधारात निघालेल्या बायकांसमोर 'सकाळी वेळच मिळत नाही' हे वाक्य तोंडातून निघू नये.

नागपूरला अप-डाउन करणारे वरठीच्या भंडारा रोड स्टेशनवर गाडीमागे धावतातच. ते अंतर फलाटापुरतं, व्यायामात धरू नये. त्यांनी आठवड्यातले तीनच दिवस, अर्धा तास आधी उठावं. पहिल्याच आठवड्यात रोज पळणारे चौथ्या दिवशी गुडघा धरून बसतात.

जागेच्या बाबतीत आपण श्रीमंत. गावोगावी माजी मालगुजारी तलाव आहेत, म्हणजे आपले मामा तलाव. पाळीवरची माती डांबरापेक्षा मऊ, आणि मामाकडे जायला कुणाची परवानगी लागत नाही. महामार्ग टाळा, मुंबई-कोलकाता ट्रकवाल्याला तुमच्या संकल्पाची कल्पना नसते. नाइलाजच असेल तर उजव्या कडेनं पळा, समोरून येणारी गाडी दिसते. कोका अभयारण्याच्या बाजूला राहत असाल तर उजाडल्याशिवाय निघू नका. वेग वाढवायला बिबट्याची मदत घेणं आम्हाला मान्य नाही.

वेगाचा नियम सोपा: मिनिटभर पळा, दोन मिनिटं चाला, असं वीस मिनिटं. पळताना सोबत्याशी बोलता आलं पाहिजे. बोलणं तुटलं की वेग कमी करा. सोबती नसेल तर भरतीच्या पोरांना गाठा. मैदानावर तीच खरी मास्तर. ऊन, पाऊस, थंडी, मंडई, सगळं झेलून ती पळतात. पोलीस भरतीत पुरुष उमेदवाराला १६०० मीटरचे पैकीच्या पैकी २० गुण हवे असतील तर ५ मिनिटं १० सेकंदांत पोचावं लागतं. तुमची कुठं भरती आहे? वीस मिनिटं घ्या, पण उद्या या.