आबांचं बॉनेट

देहूरोडच्या आबांना चालती गाडी फारशी आवडायची नाही. हे ऐकून पाहुण्यांना वाटे, म्हातारा पायी वारीवाला असावा. देहू काय, पलीकडेच. पण आबांचा सगळा जीव गाड्यांतच अडकलेला होता. फक्त गाडी बंद पडल्याशिवाय तिची खरी ओळख होत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. चालत्या गाडीत माणूस नुसता बसून राहतो. बंद पडली की खाली उतरतो, बॉनेट उघडतो, चार लोक गोळा होतात आणि मग कुठे गप्पांना सुरुवात होते.

नोकरी डेपोत कारकुनाची, काम वह्या-पावत्यांचं. घर मात्र जुन्या मुंबई-पुणे हायवेपासून हाकेच्या अंतरावर, त्यामुळे शिक्षण रस्त्यावर झालं. लष्कराचा शक्तिमान ट्रक म्हणजे मूळचा जर्मनीच्या मान कंपनीचा आणि जोंगा म्हणजे निस्सानची. दोन्ही जबलपूरला बनत. ही वंशावळ आबांना स्वतःच्या भावकीपेक्षा जास्त पाठ होती. जेवताना बाहेर काही घरघरलं की घास हातात धरून ते म्हणत, “मॅटाडोर. एक सिलिंडर मारत नाहीये.” नातवंडं पळत जाऊन बघत. मॅटाडोर असायचीच. सिलिंडरचं कोण तपासणार?

स्वतःची गाडी आली ती पांढरी प्रीमियर पद्मिनी, सेकंडहँड. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली. आत फियाटचंच १०८९ सीसीचं इंजिन, स्टिअरिंगखाली हँडगिअर. नव्या गाडीसाठी त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघावी लागे. पण सेकंडहँड घेण्याचं आबांचं कारण वेगळं होतं. “नवी घेतली तर पाचेक वर्षं काही होणारच नाही. तेवढ्या वेळात करायचं काय?”

त्यांची निराशा झाली नाही. रविवारी सकाळी बनियनवर, चष्मा कपाळावर सरकवून, ते डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढत, पॉलिश पेपरचा नखाएवढा तुकडा दुमडून पॉइंट घासत, फुंकर मारत, पुन्हा घासत. मग इंजिन सुरू करून लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक टॅपेट कव्हरवर टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डोळे मिटलेले. आजी भाजीला पैसे मागायला येई तेव्हा हाताने “थांब” अशी खूण होई. आजीचं म्हणणं, माझं एवढं कान देऊन ऐकलं असतंत तर आज पिंपरीत दोन गाळे असते.

घराण्यात सर्वांत गाजलेला प्रसंग म्हणजे दादरचं लग्न. मे महिना. लग्न आटोपून दुसऱ्या दिवशी गाडी खोपोलीहून बोर घाट चढायला लागली. शिंगरोबाच्या देवळापाशी सगळ्या ड्रायव्हरांप्रमाणे आबांनीही नाणं टाकलं. देवाने ते पोचतं केलं नसावं, कारण पुढच्याच चढाला पद्मिनीने मान टाकली. निदान झालं: एअर लॉक. ही काही अंधश्रद्धा नाही. जुन्या गाड्यांचा पेट्रोल पंप इंजिनलाच चिकटलेला. घाटात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर इंजिन तापलं की पंपातल्या पेट्रोलची वाफ होते, वाफ काही खेचली जात नाही आणि कार्बोरेटर उपाशी राहतो. उपाय सोपा. पंपावर ओलं फडकं गुंडाळायचं आणि थांबायचं.

पाण्याचा कॅन होता, फडकं नव्हतं. आबांची नजर आहेराच्या पिशवीवर गेली. त्यात वाटेत लोणावळ्याला उतरून व्याह्यांना द्यायचा टॉवेल-टोपीचा मान होता. आजीने पिशवी पोटाशी धरली, पण उशीर झाला होता. पाऊण तासाने गाडी तरतरीत सुरू झाली आणि लोणावळ्याच्या व्याह्यांच्या हातात नुसती टोपी पडली. ते पुढे दहा वर्षं बोलले नाहीत. आबांच्या मते टॉवेलचा त्याहून चांगला उपयोग व्याह्यांनी काही केला नसता.

दरम्यान आजूबाजूला सगळा पट्टाच गाड्या बनवायला लागला होता. आकुर्डीला स्कूटर आणि टेम्पो, पिंपरीला टेल्को. घरटी एक जण कुठल्या तरी गेटवर पंचिंग करत होता. १९९१ मध्ये सिएरा आली. मागे दरवाजे नाहीत आणि काच उघडत नाही हे पाहून आबांनी विचारलं, “मागच्यांनी काय गुन्हा केलाय?” १९९८ च्या डिसेंबरात इंडिका बाजारात आली तेव्हा ते हायवेवर उभं राहून तिला बघत. अभिमान होताच, पिंपरीची पोर होती ती. २००९ मध्ये नॅनो आली. इंजिन मागे, आणि सुरुवातीच्या गाड्यांची डिकी बाहेरून उघडतच नव्हती. मागची सीट पाडून आत हात घालायचा. आबा तिला दोन फेऱ्या मारून गप्प बसले. लाखात गाडी दिली हे कौतुकाचंच, पण उघडायचं कुठून हा प्रश्न त्यांना रात्रभर छळत राहिला.

खरा घाव घातला नातवाने. तो चाकणला एका कारखान्यात क्वालिटीत लागला आणि नवीकोरी गाडी घेऊन आला. पेढे वाटले, नारळ फोडला, आबांनी बॉनेट उघडायला लावलं. आत काळं प्लॅस्टिकचं झाकण. त्याखाली? “त्याच्याखाली आपण बघायचं नसतं, आबा. सर्व्हिस सेंटरवाले लॅपटॉप लावतात.” पहिल्या सर्व्हिसिंगला आबा हट्टाने बरोबर गेले. आत जायला मनाई होती. आयसीयूबाहेर थांबावं तसे ते काचेला नाक लावून उभे राहिले आणि मशीनची कॉफी घेऊन आलेल्या मुलाला म्हणाले, “पेशंट आमचा आहे.”

३० ऑक्टोबर २०२३ ला मुंबईच्या रस्त्यावरून पद्मिनी टॅक्सी गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मुदत. शेवटची ताडदेव आरटीओत २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली होती. आबांनी पेपर घडी करून ठेवला आणि त्या दिवशी दाढी केली नाही. दुसऱ्याही दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी आजीने विचारलं, “तेराव्याला पानं किती धरायची?”

आबा गेले ते त्यानंतर वर्षभराने. दहाव्याला देहूला इंद्रायणीच्या घाटावर सगळे जमले. पिंड मांडला, शेजारी बटाटेवडा ठेवला. कावळा समोरच्या झाडावर ढिम्म. थोरला म्हणाला, “आईला सांभाळू.” काही नाही. धाकटा म्हणाला, “गाडी भंगारात देणार नाही.” कावळा एक फांदी खाली आला. “आरटीओत पुन्हा पास करू, हरित करही भरू.” आणखी एक फांदी. शेवटी गॅरेजवाला पुढे झाला आणि हात जोडून म्हणाला, “आबा, इंजिन ओरिजिनलच ठेवतो. डिझेल बसवत नाही.” कावळ्याने झडप घातली. पिंडाला शिवला आणि वडा घेऊन गेला.

शब्द दिला म्हणजे पाळणं आलं. आता दर रविवारी नातू चोक ओढून सेल्फ मारतो आणि पद्मिनी बहुतेक वेळा नकार देते. तो बॉनेट उघडतो. समोरचे निवृत्त हवालदार सांगतात, पॉइंट. दूधवाला सांगतो, प्लग. तमिळ अण्णा कॉइलवर ठाम असतात. ज्यांचे एरवी पार्किंगवरून वाद आहेत असे दोघे मिळून धक्का मारायला लागतात. ज्याच्या गाडीला किल्लीसुद्धा लागत नाही असा एक आयटीवाला मुलगा टॉर्च धरून उभा राहतो आणि पुढच्या रविवारी लवकर येतो.

वरून आजी ओरडते, “चहा किती?”

बॉनेटमधून डोकं न काढता कुणीतरी सांगतं, “सहा टाका. आणि एखादा जुना टॉवेल असला तर द्या, आजी.”

चहा येतो. टॉवेल येत नाही.