वणीवाले उतरा!

नाशिकहून गडाला निघालेली एसटी वणीच्या स्टँडात वळली, की कंडक्टरची ठरलेली हाळी येते, “वणीवाले उतरा, गडवाले बसा!” तरी एखादं कुटुंब उतरतंच. पिशवीत नारळ, ओटीचा खण, कडेवर पेंगुळलेलं पोर. कंडक्टर खिडकीतून ओरडतो, “अहो, वणीच्या देवीला जायचंय ना? मग वणीत कशाला उतरताय?”

आम्हा वणीकरांचं सगळं दुखणं या एका प्रश्नात आहे. अख्खा महाराष्ट्र जिला ‘वणीची देवी’ म्हणतो, ती अठरा हातांची सप्तशृंगी बसली आहे नांदुरीच्या घाटावरच्या गडावर, तोही कळवण तालुक्यात. नाव आमचं, डोंगर शेजाऱ्यांचा. गावात जगदंबेचं देऊळ आहे, म्हणून आम्ही अगदीच पोरके नाही एवढंच.

नदीचंही तेच. उनंदेवरचं धरण आमच्या शेजारी. नाव मात्र ओझरखेडचं. पाणी पुढे कादवेत जातं, कादवा गोदावरीत, आणि शेवटी कौतुक गोदामाईचं.

सातबाऱ्यावर गाव वणी, तालुका दिंडोरी. 2008 साली लोकसभेचा नवा मतदारसंघ झाला, तोही दिंडोरी. आमचा मान एकाच ठिकाणी पहिला लागतो. 1670च्या ऑक्टोबरात महाराज दुसऱ्यांदा सुरत लुटून परतत होते, दाऊदखान आडवा आला आणि त्याचा धुव्वा उडाला. त्या लढाईला इतिहास ‘वणी-दिंडोरी’ म्हणतो. तेव्हापासून आम्ही त्या छोट्याशा आडव्या रेघेला धरून आहोत.

त्यात यवतमाळ जिल्ह्यात आणखी एक वणी. तिला निर्गुडा नदी, कोळशाच्या खाणी, रेल्वे स्टेशन, आणि वर तालुक्याचा दर्जा! माझं एक पार्सल त्या वणीची यात्रा करून महिन्याभराने घरी आलं. खोक्यावर काळा डाग होता. कोळशाचा असेल असं मानून मी तो पाहुण्यांना दाखवतो.

पण बाजाराच्या दिवशी हे रडगाणं आपोआप थांबतं. मागच्या बाजारात एक म्हातारबुवा विळे विकणाऱ्यापुढे उकिडवे बसले होते. एकेक विळा उचलायचा, अंगठ्याच्या नखावर धार बघायची, मान हलवायची, खाली ठेवायचा. सातव्यावर मान हलली नाही. शेजारी त्यांनी आणलेलं नागलीचं गठुडं रिकामं होऊन घडी घातलेलं.

“कुठले, बाबा?”

“सुरगाण्याकडचा.”

“मग सुरगाण्याला बाजार नाही का?”

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच परगावचा ठरलो. “तिकडं कागद असला म्हंजी जातो. बाजाराला वणीच.”

त्या दिवसापासून मी तालुक्याची हाव सोडली. मुख्यालय सरकार ठरवतं. बाजार मात्र माणसांचे पाय ठरवतात, आणि पायांना शिक्का लागत नाही.

परवा नाशिकहून येताना स्टँडात पुन्हा तीच हाळी आली. गडवाले बसून राहिले. उतरलो आम्ही चौघंच: मी, दोन कॉलेजची पोरं आणि कोंबडीची टोपली घेतलेली एक बाई. ती खाली पाय ठेवता ठेवता टोपलीला म्हणाली, “चल गं, आली वणी.”

कोंबडी काही बोलली नाही. तिला बाजार ठाऊक असावा.