आधी पाळी सांगा, मग टॅग लावा

जालन्याच्या एमआयडीसीत सळई तयार होते, बियाणं तयार होतं आणि हल्ली रात्री अकराच्या पुढे आघाड्याही तयार होतात. सळईवर ग्रेड उमटवलेली असते. बियाण्याच्या पाकिटावर उगवणशक्ती छापलेली असते.

आघाडीवर फक्त डरकाळी फोडणारा वाघ असतो.

ज्यांच्या घरात अजून असा खेळाडू निपजलेला नाही, त्यांच्यासाठी दोन ओळी. गिल्ड म्हणजे ऑनलाइन गेम एकत्र खेळणारी टोळी. कुठे तिला क्लॅन म्हणतात, कुठे आणखी काही. टोळीत जागा मोजक्या. ‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’मध्ये 50. मोठा मुलूख मारायचा तर बऱ्याच गेममध्ये दुसऱ्या गिल्डांशी हातमिळवणी करावी लागते. ती अलायन्स. तिचं नाव आपल्या नावाला जोडायचं, तो टॅग. ‘गिल्ड वॉर्स: फॅक्शन्स’ या गेममध्ये 2006 सालीच दहा गिल्डांची एक आघाडी बांधायची सोय होती. दहा!

आपल्याकडे तीन पक्षांची मोट बांधायला अजून पंचतारांकित हॉटेल लागतं.

तर प्रश्न असा, की आपल्या गिल्डने आघाडी करावी कुणाशी? पोरांची पद्धत ठरलेली. रँक बघायची, लोगो बघायचा, समोरच्या लीडरच्या अंगावरची स्किन, म्हणजे गेममधला पोशाख, बघायची. “भाऊ, टॉप टेनमध्ये आहेत, टॅग घेऊन टाकू.” झालं. गिल्डचं भवितव्य अडीच मिनिटांत उरकलं.

याच पोराला मोबाइलचं कव्हर निवडायला अर्धा दिवस लागतो.

रँक म्हणजे काय हो? गेल्या सीझनमध्ये कोण जागं होतं, त्याचा दाखला. आज कोण जागं आहे, ते त्यात लिहिलेलं नसतं. आणि एमआयडीसीत कोण कधी जागं, हाच तर सगळा खेळ आहे.

इथलं स्टील भंगारातून बनतं. भंगार आणि स्पंज आयर्न इंडक्शन भट्टीत वितळवायचं, बिलेट ओतायचे, रोलिंग मिलमधून सळई काढायची. या धंद्यात कच्च्या मालाच्या खालोखाल पैसा वीज खाते. वर्षानुवर्षं रात्रीची वीज सवलतीची, म्हणून रात्रपाळीला महत्त्व. आता सवलत दिवसाच्या सौर तासांकडे सरकली. दराच्या वेळा बदलल्या तेव्हा उद्योजकांनी हरकती घेतल्या, संघटनांनी निवेदनं दिली.

गिल्ड लीडरला कुणी विचारलं?

हसू नका. पुण्यातल्या होस्टेलवाल्या गिल्डची रेड, म्हणजे सामूहिक हल्ला, रात्री दहा ते एक. आपला सगळ्यात भरवशाचा गडी त्या वेळी भट्टीपुढे. तो तिथे फोन काढणार नाही आणि काढूही नये. गेममध्ये मेलं की पुन्हा जन्म मिळतो.

‘क्लॅश ऑफ क्लॅन्स’च्या लढाईचं वेळापत्रक मात्र कुणा लेबर इन्स्पेक्टरने बसून केल्यासारखं आहे. तेवीस तास तयारीचे, चोवीस तास लढाईचे, प्रत्येकाला दोन हल्ले. पाळी संपवून ये, चहा घे, हल्ला कर, झोप. फिनलंडमधल्या कंपनीला जालन्याची तिसरी पाळी कळते. साठ किलोमीटरवरच्या छत्रपती संभाजीनगरच्या लीडरला मात्र कळत नाही. तो रोज साडेनऊच्या ठोक्याला हजेरी घेतो.

म्हणून पहिला प्रश्न रँकचा नाहीच. तुमचे किती जण कोणत्या पाळीत, ते आधी सांगा.

दुसरा प्रश्न पंचांगाचा. मिलमधले बरेच गडी बिहार-उत्तर प्रदेशचे. छठ आली, होळी आली, की ते रेल्वेत. आणि रेल्वेतलं नेटवर्क म्हणजे नशिबाचा भाग. उरलेले बदनापूर, अंबड, परतूर भागातले. पोळ्याला ऑफलाइन, सोयाबीन काढणीला ऑफलाइन, कापूस वेचणीला अर्धवट ऑनलाइन. आता आघाडीचा नियम बघा: सलग सात दिवस गैरहजर, तर किक, म्हणजे हकालपट्टी. हा नियम लावला तर दिवाळीपर्यंत गिल्डमध्ये कोण उरेल?

लीडर. आणि लीडरचा दुसरा आयडी.

भाषेचा प्रश्न कुणी विचारतच नाही. इथल्या व्हॉइस चॅटवर भोजपुरी, हिंदी आणि मराठवाडी एकाच वाक्यात सुखाने नांदतात. “भाऊ मागून ये ना, उधर से आ रहा है” हे सगळ्यांना कळतं. मग कुठून तरी इंग्रजीतून हुकूम सोडणारी बंगळुरूची आघाडी येते. आपला शूर गडी “ओके, ओके” म्हणतो आणि नेमका उलट्या दिशेला धावतो. तिकडे कमांडर खूश.

“ओके” ऐकून खूश होणारे साहेब कारखान्यातही असतात.

बरं, पारखायचं कसं? भट्टीतला रस ओतण्याआधी नमुना काढून तपासतात: कार्बन किती, गंधक किती, फॉस्फरस किती. गंधक-फॉस्फरस जास्त झालं की सळई ठिसूळ. आघाडीचाही असा नमुना काढा. टॅग न लावता दोन लढाया सोबत लढा. जिंकलात की नाही, ते सोडा. हरल्यावर ग्रुपवर पहिला मेसेज काय पडतो, ते बघा. “कुणामुळे हरलो?” असा पडला, तर रस ओतू नका.

आणि “जाऊ द्या, उद्या बघू” असा पडला, तर तो टाकणाऱ्याला आधी आपल्या गिल्डमध्ये ओढा. आघाडी नंतर.

आता चाव्या. ‘ईव्ह ऑनलाइन’ नावाचा अंतराळातला गेम आहे. त्यात ‘बँड ऑफ ब्रदर्स’ नावाची बलाढ्य आघाडी होती. फेब्रुवारी 2009 मध्ये ती संपली. हरवली कुणी? कुणीच नाही. सगळे अधिकार हातात असलेला त्यांचाच एक डायरेक्टर फुटला, विरोधी ‘गूनस्वॉर्म’ला जाऊन मिळाला आणि त्याने आघाडीच विसर्जित करून टाकली. ना लढाई, ना वेढा. बंधूंना मग वेगळ्या नावाने नव्याने उभं राहावं लागलं.

नाव हातचं जाऊ शकतं, हे महाराष्ट्राला कळायला फेब्रुवारी 2023 उजाडलं. आपल्याकडे तर शिवसेनेच्या वादात चिन्हही गेलं.

त्याच गेममध्ये 27 जानेवारी 2014 ला महायुद्ध पेटलं. कारण ऐका. एका आघाडीच्या ताब्यातल्या प्रदेशाचं बिल भरायचं राहिलं. आपोआप भरलं जातं, असा सगळ्यांचा समज. शत्रू घुसला, एकवीस तास रणकंदन झालं, टायटन म्हणतात ती सगळ्यात मोठी 75 जहाजं नष्ट झाली. खऱ्या पैशात नुकसान तीन लाख डॉलरच्या घरात, असा हिशेब तेव्हा मांडला गेला.

बिल भरायचं राहिलं की काय होतं, हे जालन्याच्या कुठल्याही भट्टीमालकाने त्यांना फुकट सांगितलं असतं.

तेव्हा आघाडी करताना विचारा: को-लीडर किती? किक करायचा अधिकार किती जणांना? खजिन्याची चावी कुणाकडे? उत्तर “सगळ्यांकडे” असेल तरी पळा आणि “फक्त माझ्याकडे” असेल तरी पळा.

पण हे जालनेकरांना शिकवायचं म्हणजे कमाल आहे. आघाडी म्हणजे काय, हे शिकायला आपल्याला अंतराळात कशाला जावं लागतं? 2019 च्या लोकसभेला शिवसेना-भाजपची युती होती. उमेदवार भाजपचे रावसाहेब दानवे. आणि त्यांच्याविरुद्ध शड्डू ठोकला कुणी? शिवसेनेचे राज्यमंत्री अर्जुन खोतकर यांनी. मनधरणी झाली, बैठका झाल्या, दिलजमाई झाली. त्याच वर्षी राज्यात पहाटेचा शपथविधी झाला. त्यातून आलेलं सरकार जेमतेम ऐंशी तास टिकलं.

गेममधला नवा टॅग निदान सीझनभर तरी टिकतो.

आघाडी मोडते कशावरून? नव्वद टक्के वेळा स्क्रीनशॉटवरून. (हा आकडा माझा, कुठल्या अहवालात शोधू नका.) “बघ, तुझ्याबद्दल तिकडे काय लिहिलंय.” खाली कापलेला, वर कापलेला, मधल्या दोन ओळी उरलेल्या. तेवढ्यावर वर्षभराची मैत्री खलास.

आणि हे घडतं कुठे? ज्या गावाने देशाला इलेक्ट्रॉनिक पुराव्याचा कायदा समजावून दिला, तिथे!

2014 च्या विधानसभेला जालन्यात खोतकर 296 मतांनी जिंकले आणि हरलेले कैलास गोरंट्याल कोर्टात गेले. म्हणणं असं, की खोतकरांचा उमेदवारी अर्ज दुपारी तीनची मुदत उलटल्यावर घेतला गेला. पुरावा म्हणून निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातलं कॅमेऱ्याचं चित्रण. 2017 मध्ये उच्च न्यायालयाने निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि 14 जुलै 2020 ला निकाल लागला: इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत पुरावा म्हणून द्यायची, तर तेव्हाच्या पुरावा कायद्याच्या कलम 65-ब खालचं प्रमाणपत्र हवंच. मूळ उपकरणच कोर्टात आणून दाखवलं, तर गोष्ट वेगळी. आज देशभरचे वकील ‘अर्जुन पंडितराव खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल’ हे नाव जपमाळेसारखं घेतात. निकाल लागेपर्यंत त्या विधानसभेची मुदत संपून पुढची निवडणूकही झाली होती, ते सोडा.

एमआयडीसीतला गिल्ड मात्र अजूनही कापलेल्या स्क्रीनशॉटवर निकाल देतो. अरे, मूळ फोन आणायला सांगा ना त्याला!

दिसतं त्याला भुलू नये, हेही गावाने पाहिलेलं आहे. ऑगस्ट 2022 मध्ये शहरात गाड्यांचा मोठा ताफा शिरला. काचांवर लग्नाचे स्टिकर, ‘दुल्हन हम ले जायेंगे’. लोकांना वाटलं, वऱ्हाड आलं. ते प्राप्तिकर खातं होतं. 56 कोटींहून अधिक रोकड घेऊन गेलं.

दुल्हन राहिली.

त्यामुळे ‘ऑफिशियल’, ‘एलिट’, ‘प्रो’ अशी स्टिकरं लावून एखादी आघाडी दारात आली आणि “प्रवेश फी 500 रुपये, यूपीआय करा” म्हणाली, तर जालनेकराने काय करावं? ब्लॉक. आयडी-पासवर्ड मागितला तर ब्लॉक करून वर इतरांनाही सांगावं. आपल्याकडे मात्र पैसे आधी पाठवतात आणि मग ग्रुपवर विचारतात, “यांना कुणी ओळखतं का?”

पैशांचा विषय निघाला की घरचे हमखास मध्ये पडतात. “ते बंद झालं ना रे सरकारने?” मावशी, बंद झाले ते पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने तसा कायदा केला. असे खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, एक कोटीपर्यंत दंड. ई-स्पोर्ट्सला त्याच कायद्याने मान्यता दिली. त्याच्या महिनाभर आधी तेव्हाचे कृषिमंत्री माणिकराव कोकाटे यांची विधान परिषदेतली मोबाइल-रमीची चित्रफीत गाजली होती. आपण खेळत नव्हतो, असा त्यांचा खुलासा. मग त्यांचं खातं बदललं.

मिळालं क्रीडा खातं. या राज्यात गुणांची कदर होत नाही, असं कोण म्हणतं?

एक मात्र लक्षात ठेवा. जन्मोजन्मीच्या शपथा घेऊ नका. 2 सप्टेंबर 2020 ला पबजीवर बंदी आली, फेब्रुवारी 2022 मध्ये फ्री फायरवर आली. पबजीचा भारतीय अवतार बीजीएमआय जुलै 2022 मध्ये स्टोअरमधून गायब झाला तो 2023 च्या मे महिन्यात परतला. वर्षानुवर्षं जमवलेली टोळी एका आदेशासरशी विखुरली. ज्यांनी एकमेकांचे फोन नंबर घेऊन ठेवले होते, ते दुसऱ्या गेममध्ये पुन्हा भेटले. बाकीच्यांना सोबत्याचं नाव एवढंच माहीत होतं: ‘डेंजर_किंग_07’.

मतदार यादीत शोधा आता.

शेवटचं कलम सोडचिठ्ठीचं, आणि ते पहिल्या दिवशी लिहायचं. बाहेर पडायचं झालं तर किती दिवस आधी सांगायचं? जमवलेला खजिना कुणाचा? आपले गडी फोडायचे नाहीत, हे किती दिवस पाळायचं? हे विचारल्यावर समोरचा लीडर हमखास म्हणणार, “भावा, विश्वास नाही का?”

“नाही” म्हणा. आणि आजच म्हणा, कारण शनिवारी वॉर आहे आणि तुमचे चार जण दुसऱ्या पाळीत आहेत.