दीड किलो शिसं

थंडीच्या बाबतीत बदलापूरच्या माणसाला उगाचच मान मिळतो. मुंबईकर कपाटातून स्वेटर शोधत असतात तेव्हा आमच्याकडे शेकोट्या पेटून विझलेल्याही असतात. त्यामुळे ऑफिसात मला "काल किती होतं तुमच्याकडे?" असं विचारतात, जणू मी कारगिलहून रोज अप-डाऊन करतो. खरं सांगायचं तर मी जन्मजात थंडीला भिणारा माणूस. मे महिन्यातही माझा गीझर चालू असतो. अशा माणसाला बावन्नाव्या वर्षी समुद्राखाली जायचा छंद लागावा, यावर आमच्या घरी एकच प्रतिक्रिया झाली : "अहो, आधी पावसात भिजून दाखवा."

शिकलो तारकर्लीला. तिथे पर्यटन महामंडळाची स्कूबाची संस्थाच आहे. पाणी सत्तावीस अंश असतं, म्हणजे गरमच, असं सगळे सांगत होते. सत्तावीस हा आकडा फार फसवा. हवेत सत्तावीस म्हणजे पंखा तीनवर. पाण्यात मात्र अंगातली ऊब हवेपेक्षा साधारण पंचवीस पट वेगानं निघून जाते. पहिली दहा मिनिटं मी मासे बघितले, पुढची वीस घड्याळ बघितलं, आणि चाळिसाव्या मिनिटाला तोंडातल्या रेग्युलेटरवर माझे दात असे वाजायला लागले की शेजारून चाललेला एक पट्टेरी मासा थांबून ऐकू लागला. बाकीचे वर आले ते "काय मस्त होतं!" म्हणत. मी वर आलो तो चहा मागत.

त्याच दिवशी ठरवलं, पाणी बदलता येत नाही, तर कपडे बदलायचे.

माझा भाचा ॲबर्डीनला तेलाच्या कंपनीत आहे. तो स्कॉटलंडच्या समुद्रात उतरतो, तिथे हिवाळ्यात पाणी सहा-सात अंशांवर येतं. तो ड्रायसूट घालतो. आत लोकरी कपडे, पायांत मोजे, वरून हवाबंद पिशवीसारखा सूट. तासाभरानं बाहेर येतो तेव्हा त्याचे मोजे कोरडे असतात. माझी व्यथा ऐकून तो फोनवर बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "मामा, सत्तावीस अंशांत आमच्याकडे लोक सुट्टी घेतात." पण पोरगा मायाळू. पुढच्या दिवाळीला येताना त्यानं आपला जुना पाच मिलिमीटरचा वेटसूट आणि डोक्याचा हूड आणला.

अडचण एवढीच की भाचा सहा फूट दोन इंच आहे आणि मी पाच फूट पाच.

वेटसूट ढगळ असून चालत नाही. तो निओप्रीनचा, म्हणजे आत नायट्रोजनचे बारीक बुडबुडे कोंडलेल्या रबराचा असतो. आत थोडं पाणी शिरतंच. ते आपण अंगानं तापवायचं आणि त्यानं तिथेच बसून राहायचं, असा करार असतो. सूट सैल असला की तापवलेलं पाणी निघून जातं, नवं थंड येतं, आणि आपण समुद्राचे गीझर होतो. ही युक्ती काढली ह्यू ब्रॅडनर नावाच्या अमेरिकी भौतिकशास्त्रज्ञानं, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला. त्याआधी तो अणुबॉम्बच्या प्रकल्पात होता. तिथून येऊन लोकांना ऊब देणारं काहीतरी करावंसं वाटणं स्वाभाविक आहे.

सूट कापून घ्यायचा तर उल्हासनगरला. त्यात विचार करण्यासारखं काही नव्हतंच. लष्कराच्या छावणीत फाळणीचे सिंधी निर्वासित आले, ८ ऑगस्ट १९४९ला राजाजींनी या गावाला उल्हासनगर नाव दिलं, आणि छावणीच्या बराकींतून पुढे बिस्किटांपासून फर्निचरपर्यंत सगळं बाहेर पडलं. वस्त्यांना अजून कॅम्पच म्हणतात. जीन्स शिवणारे मास्तर कॅम्प पाचमध्ये. बदलापूरहून दोन स्टेशनं, पुढे रिक्षा.

मास्तरांनी सूट हातात घेतला, ताणला, वास घेतला, कानाजवळ नेला. "साई, ये तो टायर है."

मी त्यांना कराराची गोष्ट समजावली. पाणी आत, ऊब आत, सुईची भोकं पडली की पाणी ये-जा करणार. ते फक्त ऐकत नव्हते, कापडाकडे बघून मान डोलवत होते. जीन्सचं मशीन त्यांनी बाजूला सारलं. टाका अर्ध्या जाडीतूनच फिरवायचा, आरपार जाऊ द्यायचा नाही, आणि सांधा चपला चिकटवायच्या सोल्यूशननं बंद करायचा, हे त्यांनी माझ्या आधी ओळखलं. जगभर वेटसूट असेच शिवतात, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पायांतून सहा इंच गेले, हातांतून चार. काम देताना म्हणाले, "लेबल कट गया. कौन सा लगाऊँ?" त्या दुकानात त्या प्रश्नाला दचकणारा मी एकटाच होतो.

घरी येऊन उलटून पाहिलं तर मागे एक खिसा. दुहेरी नारिंगी शिलाईचा. हाताला सवय, दुसरं काय. आणि तो मात्र आरपार टाक्यांनी शिवला होता.

चाचणीसाठी जानेवारीतली एक सकाळ धरली. मित्राचं बारवीच्या रस्त्याला फार्महाऊस आहे, तिथला पोहण्याचा तलाव. वेटसूट घालणं हा स्वतंत्र व्यायाम आहे. पायात प्लास्टिकची पिशवी घातली की पाय सर्रकन आत जातो, ही जाणकारांची युक्ती. पण २०१८च्या प्लास्टिकबंदीनंतर आमच्या घरात चांगली पिशवी राहिलेली नाही. शेवटी दुधाच्या दोन पिशव्या कापून पावलांवर चढवल्या. वीस मिनिटांनी मी सुटात होतो आणि खोलीला ताकाचा वास येत होता.

मिशीचं दुःख वेगळं. मास्कची सिलिकॉनची कड कातडीला चिकटावी लागते, मध्ये मिशी आली की पाणी झिरपतं. नाकाखालची दोन बोटं जागा भादरली. बायको म्हणाली, आता तुम्ही कुणासारखे तरी दिसता. कुणासारखे, ते तिनं अजून सांगितलेलं नाही.

तलावात उडी मारली. आणि बुडालोच नाही. सुटातल्या त्या बुडबुड्यांनी मला बुचासारखं वर धरलं. पाय मारले, डोकं खाली घातलं, श्वास सोडला. कमरेच्या वरचा एक भाग कायम हवेतच. मित्र काठावर चहा पीत म्हणाला, "थंडी तर वाजत नाहीये ना?"

बुडायचं तर कमरेला शिसं हवं. म्हणून अंबरनाथ. तिथल्या औद्योगिक वसाहतीत एका गाळ्यात ओतकाम करतात. भंगारातल्या शिशाच्या दीड-दीड किलोच्या चार वड्या ओतून घेतल्या, पट्ट्यात ओवता येतील अशा खाचा ठेवून. वड्या थंड होईपर्यंत वेळ होता म्हणून शिवमंदिरात जाऊन आलो. शिलालेखात शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०, शिलाहार राजा मांबवाणीच्या वेळचं. बाहेरच्या भिंतीवर इंचभरही दगड मोकळा सोडलेला नाही, आणि गाभारा जमिनीच्या खाली. पायऱ्या उतरू लागलो तसा गारवा अंगावर आला. निम्म्यात मी सवयीनं नाक दाबून कान मोकळे केले. मागच्या आजोबांनी ते पाहिलं आणि तेही नाक दाबून उतरले.

परत निघालो तेव्हा संध्याकाळचे सात. अंबरनाथ-बदलापूर एकच स्टेशन, पण सातच्या लोकलमध्ये सहा किलोची पिशवी हातात धरणं म्हणजे हात मागे ठेवून जाणं. मी पट्टा सरळ कमरेला बांधला. तीस वर्षांच्या लोकलप्रवासात पहिल्यांदाच असं झालं की धक्के बसले आणि मी हललो नाही. लोक माझ्यावर आपटून दोन्ही बाजूंनी वाहत गेले. पण या पट्ट्याचं बक्कल संकटात एका झटक्यात सुटावं असंच केलेलं असतं. बदलापूर आलं, कुणाच्या तरी डब्याची पिशवी त्यात अडकली, आणि झटका बसला. सहा किलो शिसं एका गृहस्थांच्या बुटावर. संकटाची व्याख्या आम्हा दोघांची वेगळी होती, एवढंच म्हणतो.

फेब्रुवारीत ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या, कुडाळहून एसटी, मालवण. होडीवर सगळे आखूड बाह्यांच्या पातळ सुटात. मी नखशिखांत काळा, डोक्यावर हूड, मागे नारिंगी खिसा. होडीवरचा पोरगा बघतच राहिला. "काका, ह्यां कित्याक हाडलात?" मी त्याला पंचवीस पटींचं गणित सांगितलं आणि सिंधुदुर्ग किल्ल्याच्या साक्षीनं रुबाबात मागे पडलो.

परत बुचासारखा वर.

गणित बरोबर होतं, पाणी चुकलं होतं. बदलापूरचं गोडं, मालवणचं खारं. खारं पाणी अडीच टक्क्यांनी जड, तेवढंच जास्त उचलून धरतं. सामानासकट माझं वजन शंभर किलो, म्हणजे अडीच किलो शिसं कमी. हे मला पुस्तकात वाचून माहीत होतं. पण तरंगताना आठवलं. "काका, तुमका अजून शिसां व्हयां," म्हणत पोरानं होडीतल्या दोन वड्या पट्ट्यात ओवल्या. हसला नाही, याबद्दल मी त्याचा ऋणी आहे. बाकीचे हसले.

दहा मीटरवर दाब दुप्पट होतो, सुटातले बुडबुडे आक्रसतात, सूट पातळ होतो, आणि बूच असलेला माणूस हळूहळू धोंडा व्हायला लागतो. जाकिटात थोडी हवा भरून सावरलो. मग मात्र पन्नास मिनिटं निवांत. किल्ल्याच्या बाहेरच्या खडकांवर मासे, एक लाजाळू मोरे ईल, दात बंद. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर तिन्ही गावांची कारागिरी अंगावर होती आणि फक्त एकाच ठिकाणाहून गार पाण्याची बारीक धार येत होती. खिसा कुठे आहे ते मला शोधावं लागलं नाही.

वर आल्यावर आखूड बाह्यांतल्या दोघांचे ओठ जांभळे. त्यांतल्या एकानं हूड उसना मागितला. दिला नाही.

परतीला ठाण्याला पहाटे उतरलो, लोकल रिकामी, झोप लागली. बदलापूरला दचकून उतरलो आणि घरी येऊन मोजल्या तर वड्या तीनच. चौथी बाकाखालून घरंगळली असणार आणि गाडी तिला घेऊन पुढे कर्जतला गेली. आकारानं साबणाच्या वडीएवढी, वजन दीड किलो, एका कोपऱ्यात खिळ्यानं 'ब' कोरलेला. कर्जत, भिवपुरी, नेरळ, शेलू किंवा वांगणीच्या कुणा वाचकाला सापडली असेल तर कृपया कळवावं. माणूस हलका आहे, गरज आहे.