चिठ्ठीची लांबी

पूर्वी दवाखान्यात कंपाउंडर नावाचा गृहस्थ असे. डॉक्टर आतून चिटोरा सरकवायचे आणि तो आपण घरून नेलेल्या बाटलीत लाल मिक्श्चर ओतून तिला खाचा कातरलेली कागदी पट्टी डकवायचा. एक खाच, एक डोस. शिवाय पुड्या. त्यातली पिवळी गोळी कसली आणि अर्धी गुलाबी कशाची, हे विचारायची पद्धत नव्हती. तपासणी आणि औषध मिळून पैसे एकदाच द्यायचे. महाग की स्वस्त, हा प्रश्नच डोक्यात येत नसे.

आता चिठ्ठी मिळते. घसा दुखतो म्हणून जावं, तर तापाची गोळी, अँटिबायोटिक, खोकल्याचं सिरप, बी-कॉम्प्लेक्स आणि पित्ताची गोळी. अँटिबायोटिक एकटी सासरी जात नाही, पाठराखीण म्हणून पँटोप्राझोल लागतेच. घसा बहुतेक वेळा विषाणूंमुळे धरलेला असतो आणि त्यांच्यापुढे अँटिबायोटिकचं काही चालत नाही. हे डॉक्टरांना ठाऊक असतं. पण समोर आपण बसलेले असतो ना! नुसत्या गुळण्या करा म्हणणाऱ्याकडे आपण दुसऱ्यांदा पाऊल टाकतो का? ‘इंजेक्शन नाही देणार?’ हे तर आपण भाजीवाल्याकडे कोथिंबीर मागावी तसं विचारतो. वर हाताला गुण कुणाच्या, तर भरगच्च चिठ्ठी लिहिणाऱ्याच्या. औषध कंपन्यांचे एमआर बॅगा सांभाळत बाहेर ताटकळतात, त्यांचाही वाटा आहेच. पण चिठ्ठी लांबवण्यात आपलाही हात कमी नाही.

किमतीचं कोडं आणखी मजेशीर. तेच रसायन, तेवढेच मिलिग्रॅम, पण कंपनी बदलली की भाव बदलतो. ऑगस्ट २०२३ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव लिहायला सांगितलं, डॉक्टरांच्या संघटना खवळल्या आणि त्याच महिन्यात तो नियम स्थगित झाला. त्यांचा एक मुद्दा मला पटतो. डॉक्टरांनी कंपनी निवडली नाही, तर ती केमिस्ट निवडणार. आणि काउंटरवरच्या कित्येक जेनेरिक पाकिटांवर एमआरपी ब्रँडेड औषधाच्या आसपासच छापलेली असते. केमिस्टला माल पडतो त्याच्या कितीतरी खाली. त्याने मनावर घेतलं तर सूट, नाहीतर स्वस्ताईचा फायदा गल्ल्यात. २००८ साली सुरू झालेल्या जनऔषधी दुकानांत निदान छापील किंमतच कमी असते, फक्त हवं ते औषध त्या दिवशी तिथे असावं लागतं.

तेव्हा पुढच्या खेपेला चिठ्ठी घेऊन उठण्याआधी डॉक्टरांना एवढं विचारा: ‘यातलं काय नाही घेतलं तरी चालेल?’ बरेच डॉक्टर, जरा सुटल्यासारखं हसून, दोन ओळी खोडतात. बीपी आणि शुगरच्या गोळ्यांना मात्र आपल्या अकलेने कात्री लावू नका. खरा खर्च महिनोन्महिने तिथेच होतो, म्हणून तिथे प्रश्न वेगळा करा: हेच औषध जनऔषधीतलं चालेल का?